लिहून देता का, काही होणार नाही म्हणून?

“डॉक्टर म्हणतात, कामाला लावा. तुम्हीपण तेच म्हणता. ठीक आहे. मग लिहून देता का, काही होणार नाही म्हणून?”

हे विचारणारे काका कळव्याचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 28 वर्षं मिलिंग मशिनवर काढलेली. कारखाना बंद पडल्यावर व्हीआरएसच्या पैशात मुलीचं लग्न आणि मुलाचं आजारपण दोन्ही निभावलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मुलाची फाईल, फाईलवर पालथा हात. शेजारी काकू. त्या आत काही बोलल्या नाहीत. जाताना जिन्यात मात्र थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “ताई, आत्ता कुठे घर शांत झालंय हो. राहू दे ना तसंच.”

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी ठाण्यात एक छोटं केंद्र चालतं, तिथे मी समुपदेशक आहे. माणसं सकाळी येतात, दुपारी घरी जातात. काकांचा प्रश्न मला पंधरवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. कधी भाऊ विचारतो, कधी बायको. भीती तीच: आहे तोवर बरा आहे, कामाचा ताण आला की आजार उलटेल. ही भीती खोटी नाही. मध्यरात्री पोराला रिक्षात घालून ज्यांनी ॲडमिट केलंय, त्यांना मी ‘चांगला विचार करा’ असं सांगितलं तर ते उठून जातील, आणि बरोबरच करतील.

म्हणून या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मुलाचं नाव सांगत नाही. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, आपणही दादाच म्हणू.

दादा तेव्हा 31 वर्षांचा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. 22व्या वर्षी, शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर आजार सुरू झाला. कानात आवाज, समोरच्या बिल्डिंगमधून आपल्यावर पाळत आहे ही खात्री, खिडकीच्या काचांना आतून चिकटवलेली वर्तमानपत्रं. निदान स्किझोफ्रेनिया. पुरुषांमध्ये हा आजार बहुतेकदा विशीत डोकं वर काढतो, म्हणजे बरोबरीची मुलं पहिली नोकरी धरत असतात नेमकं तेव्हा. गोळ्यांनी उतार पडला, त्याने परीक्षा दिली, पास झाला. 25व्या वर्षी ऐरोलीत एका कॉल सेंटरमध्ये लागला. पाच महिन्यांत हॉस्पिटल. त्यानंतर सहा वर्षं घर.

घर म्हणजे अकराला उठायचं. आई बादलीत पाणी काढून ठेवणार, कपडे पलंगावर ठेवणार, चहातली साखरही ढवळून देणार. दुपारभर टीव्ही, पण तो बघतो की नुसता समोर बसतो हे कोणाला सांगता यायचं नाही. संध्याकाळी खारेगावच्या नाक्यापर्यंत फेरी. बाबा पुढे, तो चार पावलं मागे. ओळखीचं कोणी भेटून त्याची चौकशी केली की उत्तर बाबाच देणार, “बरा आहे, बरा आहे.”

काकांच्या एका वाक्यात तो आळशी असायचा आणि पुढच्याच वाक्यात त्याला ‘त्रास नको’ असायचा. यात आळस फारसा नव्हता. आवाज, संशय हे गोळ्यांनी मागे हटतात. पण उमेद आटणं, चेहऱ्यावर काही न उमटणं, कशाची सुरुवातच करता न येणं हाही आजाराचाच भाग आहे, आणि त्यापुढे गोळ्यांचं फारसं चालत नाही. त्यात गोळ्यांची गुंगी वेगळी. आणि या दोन्हींवर तिसरा थर: सहा वर्षांत या मुलावाचून कोणाचं काहीही अडलं नव्हतं. पहिले दोन थर डॉक्टरांचे. तिसऱ्यावर मला हात घालता येतो.

(बायकांच्या बाबतीत तर काकांचा प्रश्न विचारायलाही कोणी येत नाही. 38 वर्षांची एक बाई आमच्याकडे यायची. पाच माणसांचा स्वयंपाक, धुणं, सासूचं पथ्यपाणी करून. तिच्या नवऱ्याने फॉर्मवर ‘काही करत नाही’ असं लिहिलं होतं आणि मला म्हणाला, ती घरी असते की, तिला कशाला पाहिजे पुनर्वसन? तिची गोष्ट पुन्हा कधीतरी.)

दुसऱ्या भेटीला मी काकांना म्हटलं, “फाईल काढा. पुढचं लिहून द्यायचं तर आधी मागचं बघू.” एका जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीवर आडवी रेघ मारली आणि पावत्या बघून तिच्यावर तारखा टाकायला लागलो. काकांनी केमिस्टची बिलंसुद्धा तारखेवार लावून ठेवली होती. मशिनवरच्या माणसाची शिस्त. तिचा एवढा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

जूनमध्ये ऐरोलीची नोकरी. रात्रपाळी. पावणेनऊला गाडी न्यायला यायची, सकाळी सातला सोडायची. घर वन रूम किचन. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, दारावर येणारी माणसं, बहिणीचा अभ्यास. झोप जेमतेम चार तास. रात्रीची गोळी घेतली की फोनवर बोलताना जीभ जड व्हायची, म्हणून ती सकाळवर गेली, मग सुट्टीच्या दिवसावर. बिलांत सगळं दिसत होतं: जून-जुलैत महिन्याला दोन, ऑगस्टमध्ये एक, सप्टेंबरमध्ये बिलच नाही. काका त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटल.

“म्हणजे कामानेच ना?” काकू म्हणाल्या.

तोवर गप्प बसलेला दादा जमिनीकडे बघत म्हणाला, “कॉल जमत होते.”

आपण ‘काम’ हा शब्द असा वापरतो, जणू ती एकच वस्तू आहे. ऐरोलीत त्याला पाडलं ते जागरणाने आणि सुटलेल्या गोळीने. गोळी सुटली की हा आजार उलटतो, आणि जागरण त्याला हातभार लावतं. दिवसपाळी मागता आली असती, पण ऑफिसात कोणाला काही माहीत नव्हतं, मग मागणार कशाच्या जोरावर? म्हणून आता मी कोणी ‘काम झेपलं नाही’ म्हटलं की विचारते, कामातलं काय? आमच्याकडच्या एका बायपोलरच्या गृहस्थांना बेकरीतलं काम मनापासून आवडायचं. ते लिथियमवर होते, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर. भट्टीपुढे तासन्‌तास घाम गेला, पाणी आणि मीठ कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरायला लागतात, उलट्या होतात, वेळेवर कळलं नाही तर जिवावर बेतू शकतं. त्यांना बेकरी सोडावी लागली नाही. डॉक्टरांना भट्टीची कल्पना दिली, रक्ताची तपासणी वेळेवर होऊ लागली आणि मालकाने त्यांना भट्टीपासून पॅकिंगला हलवलं.

तर, रेघ पुढे नेली. ऐरोलीनंतर दोन वर्षांनी फाईलमध्ये आणखी एका हॉस्पिटलची पावती निघाली. 14 दिवस.

“हे कधीचं?”

काका-काकू एकमेकांकडे बघायला लागले. मुलीच्या लग्नाच्या आसपासचं. हॉल, आहेर, पाहुणे, त्यात गोळ्या संपल्या ते आठ-दहा दिवस कोणाच्या लक्षातच आलं नाही.

“तेव्हा तो कुठे कामाला होता?”

काकांनी पावती फाईलमध्ये परत घातली. मग पुन्हा बाहेर काढली आणि तारीख वाचली.

घरी ठेवलं म्हणजे जपलं, हा हिशोब त्या पावतीपाशी चुकत होता. हे नुसतं याच घराचं नाही. 1950च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या संशोधकाने हॉस्पिटलातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा दिसलं की आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पुरुष भावंडांकडे किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा आजारी पडून परत येतात. पुढे क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी 1976 साली जे मांडलं त्यात तास आले. घरात टोचून बोलणं किंवा जिवाचा आटापिटा करणारी काळजी असेल, आणि आठवड्यात 35 तासांहून जास्त वेळ माणसं समोरासमोर असतील, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. मी काकांना विचारलं, तुम्ही किती तास समोरासमोर असता? त्यांनी बोटांवर हिशोब केला. “शंभराच्या वर.”

हे सांगताना मी जपून सांगते. एका आईला मी हेच फार घाईने सांगितलं होतं. तिने ऐकलं ते असं, की तुमच्यामुळे मुलाला आजार झाला. त्यानंतर ती आली नाही. घरच्यांमुळे हा आजार होत नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत तीन माणसांनी दिवसभर एकमेकांचे चेहरे वाचत बसायचं, तर कोणाचंही डोकं फिरेल. दादाने दिवसातले चार तास बाहेर असणं ही त्याच्याइतकीच काकूंची गरज होती. एवढं त्यांना पटलं, म्हणून ते त्याला केंद्रात पाठवायला तयार झाले. कामाला नाही, नुसतं केंद्रात.

आमच्याकडे कागदी पिशव्या, ऑफिसच्या फायली आणि दिवाळीआधी उटण्याची पाकिटं होतात. दुसऱ्याच आठवड्यात काका आले. “डिप्लोमा केलेल्या पोराने पिशव्या चिकटवायच्या?”

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. पिशवी निमित्त आहे. माणूस सलग किती वेळ बसतो, चूक दाखवली की काय करतो, शेजारच्याला डिंक मागतो का की तसाच बसून राहतो, हे आम्हाला बघायचं असतं. उत्तर खरं आहे, पण काकांची टोचणी त्याहून खरी होती. पिशवी निमित्त म्हणून सुरू होते आणि मुक्काम होऊन बसते. दहा-दहा वर्षं पिशव्याच करणारी माणसं मी पाहिली आहेत. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी 1990च्या दशकात हा क्रमच उलटा केला. आधी शिकवून मग कामाला लावायचं नाही. आधी खऱ्या नोकरीत घालायचं आणि तिथेच, त्याच कामाचं, लागेल तितके दिवस पाठबळ द्यायचं. पात्रता एकच, माणसाला काम करायचं असलं पाहिजे. या पद्धतीने जुन्या रीतीपेक्षा जास्त माणसं खऱ्या नोकरीत पोचतात, हे नंतर बऱ्याच देशांत दिसलं. फक्त तिथे नोकरी शोधून देणाऱ्या माणसाकडे जेमतेम 20 जण असतात आणि त्याला दुसरं काम नसतं. माझ्याकडे 20 जण, शिवाय केंद्राचा फोन, शिवाय उटण्याचा हिशोब. म्हणून आम्ही मधली वाट काढली आहे: पिशव्या तीन महिने, फार तर. दादाला मी पाच महिने ठेवला. कारण विचाराल तर काकूंचंच. शांत होतं सगळं, मलाही ते मोडवेना.

पाच महिन्यांत कळलं ते असं. सुरुवातीला तो 20 मिनिटांत उठून गॅलरीत जायचा, शेवटी दीड तास बसायला लागला. हात सावकाश. पण मोजणी कधी चुकली नाही. 25 पिशव्यांचा गठ्ठा म्हणजे 25च. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाला, “मोजताना ते मागे जातात.” ते म्हणजे आवाज. गोळ्यांनी पुष्कळ कमी झालेत, गेलेले नाहीत. लोकांना वाटतं आवाज पूर्ण थांबल्याशिवाय माणसाने घराबाहेर पडू नये. आवाज ऐकत ऐकत व्यवस्थित नोकरी करणारी माणसं आहेत.

सकाळची गुंगी मात्र जात नव्हती. मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: हा अकराच्या आधी भानावर नसतो, आता कामाचा विचार आहे. त्यांनी रात्रीचा डोस संध्याकाळकडे ओढला, एक गोळी बदलली. तीन-चार आठवड्यांत तो साडेआठला आपणहून उठायला लागला. हे बदल घरच्या घरी करायचे नसतात. पण डॉक्टरांना सांगायचे मात्र असतात. सहा वर्षांत ते कोणी सांगितलंच नव्हतं, कारण उठून जायचं कुठे होतं?

राहिला प्रवास. कळवा ते ठाणे, एक स्टेशन. गर्दीत कोणी हसलं की आपल्यालाच हसलं असं त्याला वाटायचं. आमच्या कार्यकर्त्याबरोबर साडेअकराच्या रिकाम्या गाडीने आठवडाभर, मग कार्यकर्ता पुढच्या डब्यात, मग एकटा, पोचल्यावर मिस्ड कॉल. शेवटचा उपाय त्याचा त्यानेच शोधला: कानात इअरफोन, आवाज बंद. “गाणं लावलं की गोंधळ होतो. पण इअरफोन असले की कोणी बोलत नाही.”

वागळे इस्टेट ही एमआयडीसीच्या जन्मापासूनची वसाहत, 1962 सालची. मोठ्या शेड बऱ्याच गेल्या. काकांचा कारखाना होता तिथे आता काचेची इमारत आहे. पण गाळ्यांतले छोटे धंदे टिकून आहेत. त्यातला एक इलेक्ट्रिक पॅनल बनवणारा, 14 माणसांचा. मालकाची अडचण स्टोअरची होती. ड्रॉइंगप्रमाणे प्रत्येक पॅनलचं सामान मोजून वेगळं काढायचं: लग इतके, ग्लँड इतक्या, फेरूल, एमसीबी, स्क्रूची पाकिटं. पोरांना कंटाळा येतो, ते अंदाजाने मूठ भरून देतात. “एक ग्लँड कमी निघाली की वायरमन हात चोळत बसतो, मॅडम.”

आजाराचं सांगायचं की नाही? हा प्रश्न घरोघरी असतो आणि माझं मत असं की तो ज्याचा आजार त्यानेच सोडवायचा. काकांचं ठाम ‘नको’ होतं. दादाला ऐरोली आठवत होती. त्याने आजाराचं नाव सांगायचं नाही, पण काय लागतं ते सांगायचं असं ठरवलं आणि वहीच्या कागदावर चार ओळी लिहून नेल्या. ‘माझी रोजची औषधं चालू आहेत. मी रात्री काम करू शकत नाही. एका वेळी एकच काम सांगा, शक्यतो लिहून. चुकलो तर बाजूला घेऊन सांगा.’

मालकाने कागद वाचला आणि मला बाहेर गाठलं. “मॅडम, ठाण्याची केस नाही ना?” बोलून गेला आणि जीभ चावली. ठाण्यात राहून आपणच हे बोलतो. इथलं मनोरुग्णालय 1901 सालचं, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ‘याला ठाण्याला पाठवा’ ही शिवी झाली आणि ठाणेकरांनीही ती उचलली. मग त्याचा खरा प्रश्न आला: मारामारी वगैरे? मी सांगितलं, उपचार चालू असलेला माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा दुसऱ्याचा मार खातो हे जास्त. याची फाईल सगळी वाचली आहे, त्यात मारामारी नाही. मालक म्हणाला, “मला रोज येणारा माणूस पाहिजे. बाकी माझं काही नाही.” आठवड्यातून तीन दिवस, 11 ते 2, असं ठरलं.

काकांचं मन अजून सरकारी नोकरीत होतं. 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकारच्या अपंगत्वांत मानसिक आजारही आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता वगैरे मंडळींत वाटून आहे. त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. काकांनी बातमीचं कात्रण जपून ठेवलं होतं. दादा म्हणाला, “दिव्यांगाच्या कार्डावर लिहून घ्यायचं नाही मला.” मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि थांबले. प्रमाणपत्र पुढेही काढता येतं. मन मोडून काढलेलं कार्ड कपाटात पडून राहतं.

नोव्हेंबरात तो लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला पगार, 3,600 रुपये, पाकिटातून. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन, आवाज थरथरत होता. “ताई, त्याने कुलूप आणलंय. कपाटातल्या त्याच्या कप्प्याला लावलंय. किल्ली गळ्यात घालून फिरतोय.”

माझ्याही पोटात गोळा आला. या आजारात कुलूप, कडी, बंद खिडकी यांचा अर्थ आम्ही लगेच एकच लावतो. मी काकूंना काही विचारू नका म्हटलं आणि दादाला केंद्रात बोलावलं. कुलूप कशाला, असं सरळच विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की माझीच चौकशी करावी.

“पैसे ठेवायला. आई सगळं आवरते ना.”

31 वर्षांच्या माणसाने पगार कुलपात ठेवला, एवढीच गोष्ट. आजार कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ही रेघ घरच्यांना दिसत नाही यात नवल नाही. माझी तर 17 वर्षांची नोकरी आहे.

मग मार्च आला. मार्च एंडिंगच्या डिलिव्हऱ्या, मालकाने विचारलं, थोडं थांबशील का? दादा पाच दिवस रात्री साडेआठपर्यंत थांबला. नाही कसं म्हणायचं हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. तसं विचारलं जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी. घरी येईपर्यंत दहा, संध्याकाळचा डोस अकराला, झोप उडाली.

त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद लावला होता, त्याच्याच अक्षरात. आजाराची चाहूल: सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप, अंघोळ टाळणं, खिडकी लावून घेणं, जेवण ताटात तसंच. खाली तीन फोन: डॉक्टर, मी, आणि आम्ही दोघंही मिळालो नाही तर 14416. ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस नावाची सरकारी सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. सहाव्या दिवशी सकाळी काकूंनी खिडकी लावलेली बघितली आणि फोन केला. एरवी त्यांनी आठवडाभर वाट बघितली असती, ‘होईल बरं’ म्हणून. डॉक्टरांनी त्याच दिवशी बघितलं, झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी वाढवली, आठ दिवस सुट्टी सांगितली.

काका केंद्रात आले. बसले नाहीत. “बघा. म्हटलं होतं.”

“हो काका. म्हटलं होतं तुम्ही.”

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. काही होणार नाही असं मी कधी लिहून दिलं नव्हतं, देणारही नव्हते. नोकरी सोडवायची का, एवढं मी दादाला विचारा म्हटलं. तो आठ दिवस पूर्ण झोपला, नवव्या दिवशी इअरफोन लावून गेला. गैरहजेरीत मुठीने सामान दिलं गेलं होतं, दोन पॅनल अडले होते. मालकाने मला फोनवर बाकी काही सांगितलं नाही, ही तक्रार मात्र तीनदा सांगितली.

एप्रिलमध्ये काकांनी मला फाईल उघडून दाखवली. मार्चच्या कप्प्यात हॉस्पिटलची पावती नव्हती. केमिस्टचं एक बिल होतं, 412 रुपयांचं. त्यांनी ते तारखेवार लावलं होतं.

आता तो आठवड्याचे पाच दिवस जातो, साडेदहा ते चार. आवाज आहेत. मित्र म्हणावा असा कोणी नाही अजून, पण गाळ्यातल्या एका वायरमनबरोबर दुपारी डबा खातो. लग्नाचं काय, असं काकू विचारतात. त्यावर मी सध्या विषय बदलते. काका दुपारी रिकामे असतात आणि ते त्यांना जड जातं. बुधवारी आमच्या केंद्रात येतात, पिशव्यांच्या घड्या बघून म्हणतात, “मापात नाहीत या.”

गेल्या फेब्रुवारीत मालकाचा फोन आला. “मॅडम, मार्च येतोय. या वेळी त्याला थांबवणार नाही. पण शनिवारी अर्धा दिवस येईल का, जरा विचारून सांगता?”

“मला कशाला विचारता? तो तुमच्याच स्टोअरमध्ये बसलाय.”

फोन चालूच होता. त्याने हाक मारल्याचं ऐकू आलं, मग पत्र्याच्या ट्रेमध्ये काहीतरी ओतल्याचा आवाज. दादाने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला. बहुतेक हातातलं मोजून संपवलं असेल.

“पहिले दोन शनिवार येतो,” तो म्हणाला. “तिसऱ्या शनिवारी ताईकडे जायचंय.”

ताई म्हणजे मी. तिसऱ्या शनिवारी आमची भेट ठरलेली असते.